डोकं त्याचं, नाव तुमचं

कंपनीच्या टोप्या-पिशव्यांची ऑर्डर घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं. ‘फुकटच वाटायच्यात, साध्यातलं काहीतरी दाखवा.’ त्याला जोडूनच दुसरं येतं, ‘लोगो मात्र मोठा हवा, लांबून दिसला पाहिजे.’ टोप्यांवर भरतकाम आणि पिशव्यांवर छपाई करून देणं हा माझा धंदा आहे. नग वाढले की माझं बिल वाढतं. लोगो मोठा झाला की टाके वाढतात, आणि मजुरी टाक्यांवरच ठरते, म्हणजे तेही माझ्या पथ्यावरच पडतं. तरीही ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. त्यांच्यामुळे कंपन्यांचा पैसा, कारागिरांची मेहनत आणि चांगलं कापड वाया जातं, म्हणून त्यांचा प्रतिवाद करायला हवा.

समोरच्यांचा मुद्दा आधी नीट मांडतो, कारण तो पोकळ नाही. ते म्हणतात, हा जाहिरातीचा खर्च आहे. वर्तमानपत्रातली जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, चौकातला फलक महिनाभरात उतरतो. टोपी आणि पिशवी मात्र गावभर फिरतात, बसमध्ये चढतात, बाजारात जातात. एका टोपीवर किती हजार नजरा पडतात याचे अंदाज अमेरिकेतल्या या धंद्याच्या संघटना नियमितपणे काढतात, आणि विक्रेते ते आकडे इथल्या मार्केटिंगच्या बैठकांतही दाखवतात. मग हिशेब सोपा होतो. नगाचा भाव खाली आणा, नग वाढवा, म्हणजे नजरा वाढतील.

या हिशेबात एक गोष्ट न तपासताच धरलेली असते. वाटलेली वस्तू वापरली जाते, ही ती गोष्ट. माळ्यावर पडलेल्या टोपीवर एकही नजर पडत नाही. खर्चाला वाटलेल्या नगांनी भागून ‘पर पीस’ काढायचा आणि त्यावर खूश व्हायचं, हा भागाकारच चुकलेला आहे. भागायचं असतं वापरात राहिलेल्या नगांनी. समजा, हातात एक लाख रुपये आहेत. पन्नास रुपयांच्या दोन हजार टोप्या घेतल्या आणि महिन्याभराने त्यातल्या शंभरच डोक्यांवर राहिल्या, तर वापरातली एकेक टोपी हजार रुपयांना पडली. त्याच पैशात दोनशेच्या पाचशे घेतल्या आणि तीनशे टिकल्या, तर एक पडली सव्वातीनशेच्या आसपास. आकडे समजुतीपुरते आहेत, पण कोणत्याही कचेरीतलं मागच्या वर्षीच्या मालाचं कपाट उघडून पाहा, खरे आकडे तिथेच सापडतील. शिवाय भेट किंवा मोफत नमुना म्हणून वाटलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, कायद्याच्या कलम 17(5) मध्येच तसं लिहिलेलं आहे. तेव्हा घेणाऱ्याला फुकट मिळालेली वस्तू देणाऱ्याला करासकट पूर्ण भावाने पडते.

माझा विरोध स्वस्ताला नाही, हे इथेच सांगून ठेवतो. ती वस्तू कोण वापरणार, कुठे, कोणत्या हवेत, याचा विचार न करता निवडण्याला आहे.

आता टोपीच घ्या. कॅटलॉगमध्ये सगळ्या कॅप सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात नेहमीची कॅप सहा पॅनलची असते आणि समोरच्या दोन पॅनलांमधली शिवण बरोबर कपाळाच्या मध्यावर येते, म्हणजे लोगोच्या मध्यावर. लोगोचं बारीक अक्षर तिथे आलं तर जाड शिवणीवर सुई सरकते आणि अक्षर फाकतं. अशा लोगोसाठी पाच पॅनलची कॅप घ्यावी, तिचा समोरचा भाग सलग असतो. मग आतलं बकरम. समोरचा भाग ताठ राहावा म्हणून ते लावतात. फुकट वाटायच्या टोपीत पुष्कळदा इतकं हलकं बकरम असतं की पहिल्या धुण्यातच ते चुरगळतं आणि टोपी कायमची पोचट दिसू लागते. आत कपाळाला टेकणारी घामपट्टी सुती आहे की नुसती सिंथेटिक फीत आहे, हे कुणी उलटून पाहत नाही. एप्रिलमध्ये पुण्याच्या नगर रोडवर दिवसभर डिलिव्हरी देणाऱ्या पोराला मात्र ते दहा मिनिटांत कळतं.

भरतकामाचं तर शास्त्रच आहे. लोगोचं चित्र मशीनला समजत नाही, त्याचे टाके पाडावे लागतात. आमच्याकडे त्याला पंचिंग म्हणतात. कुठे सॅटिन टाका, कुठे भरीव, धागा कोणत्या दिशेने जाणार, कोणता भाग आधी, हे सगळं पंचिंग करणारा ठरवतो. टोपीवर काम खालून वर आणि मधून कडांकडे न्यावं लागतं. उलटं नेलं तर कापड ढकललं जातं आणि लोगोच्या कडेला सुरकुत्यांची रांग उभी राहते. पाच मिलिमीटरहून लहान अक्षर धाग्यात सहसा वाचता येत नाही. देवनागरीत तर आणखी जपावं लागतं. अनुस्वार गाठीसारखा फुगतो, मात्रा शिरोरेषेत मिसळते, आणि ‘कृषी’ मधल्या ‘ष’ची तिरकी रेघ गळली की टोपीवर ‘कृपी’ येऊन बसतं. पंचिंगचे चार पैसे वाचवायला इंग्रजी लोगोसाठी केलेली फाइल मराठी नावासाठी ‘तशीच चालवा’ म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी दाखवतो. आपल्या भाषेतलं नाव आपल्याच टोपीवर मोडकंतोडकं यावं, हे मला सहन होत नाही.

आणि मोठा लोगो? कपाळभर भरीव काम केलं की हजारो टाके एकाच जागी बसतात. कापडातून हवा जाणं बंद होतं, समोरचा भाग पत्र्यासारखा कडक होतो, टाक्यांना आधार म्हणून आत लावलेलं बॅकिंग कपाळाला खरखरतं. ज्या नावाची जाहिरात करायची तेच नाव माणसाच्या कपाळाला टोचत राहतं. मग ती टोपी स्कूटरच्या डिकीत जाते, नंतर गाडी पुसायला. तेच नाव पाच सेंटिमीटर रुंदीत, किंवा कानाजवळच्या पॅनलवर, किंवा मागच्या पट्ट्याच्या वर नेटकं भरलं, तर टोपी टोपी राहते.

यावर मला हमखास विचारलं जातं, ‘लोक पैसे मोजून मोठ्या लोगोच्या टोप्या घेतातच ना?’ घेतात. न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघाची टोपी जगभर दिसते, बेसबॉल कधी न पाहिलेलेही ती घालतात. पण त्या टोपीची गोष्टच पाहा. 1996 साली दिग्दर्शक स्पाइक ली यांनी न्यू एरा या टोप्यांच्या कंपनीकडे आपल्या लाल जाकिटाला शोभेल अशी लाल यांकीज टोपी मागितली. संघाचा रंग गडद निळा होता. परवानगी घेऊन ती लाल टोपी बनली, त्या वर्षीच्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये ते ती घालून बसले, आणि पुढे संघाच्या टोप्या वाटेल त्या रंगांत निघण्याची वाट मोकळी झाली. पुढाकार टोपी घालणाऱ्याचा होता, कंपनी त्याच्यामागून गेली. पैसे देऊन घेतलेलं मोठं चिन्ह ही माणसाने स्वतः जाहीर केलेली निष्ठा असते. सिमेंट विकणाऱ्या कंपनीने ती निष्ठा पन्नास रुपयांत विकत मिळेल असं समजू नये.

लोकांना हा फरक चांगला समजतो. 2019 साली चंदीगडमध्ये एका ग्राहकाने बूट घेतले, आणि दुकानाने स्वतःचं नाव छापलेल्या कागदी पिशवीचे तीन रुपये बिलात लावले. तो ग्राहक मंचात गेला. तुमची जाहिरात मी माझ्या पैशाने का मिरवू, असा त्याचा सवाल होता. मंचाने त्याच्या बाजूने निकाल देऊन कंपनीला एकूण नऊ हजार रुपयांचा भुर्दंड लावला. तिथे पिशवीचे पैसे घेतले होते, आपण फुकट देतो, हे खरं. तरी माणसाच्या खांद्याचा फलक म्हणून वापर होतो आहे ही टोचणी तीच आहे, आणि फुकट मिळालेल्या पिशवीबाबत ती दाखवायला माणूस मंचात जात नाही, पिशवी कोपऱ्यात टाकतो.

आपल्याकडे देणाऱ्याचं नाव वस्तूवर घालण्याची चांगली रीत आधीपासून आहे. लग्नात, मुंजीत दिलेल्या स्टीलच्या डब्यावर, तांब्यावर काठाशी बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत ‘सप्रेम भेट’ आणि खाली नाव. डब्याच्या पोटावर हातभर अक्षरांत नाव कुणी कोरत नाही. डबा चांगला असतो म्हणून तो चाळीस वर्षं वापरात राहतो, आणि डब्याबरोबर नावही राहतं. लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या जुन्या दुकानांच्या पिशव्या पुण्यातल्या घराघरांत वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या त्याही याच कारणाने. कापड दमदार होतं, पट्टा पक्का होता, आणि त्यांच्यातून देवळापासून दवाखान्यापर्यंत काहीही नेता येत होतं.

पिशवीचं आयुष्य पट्ट्यावर ठरतं. मंडईत तिच्यात दोन किलो कांदे, किलोभर बटाटे आणि वर पालेभाजी जाणार हे धरूनच ती शिवायला हवी. पट्ट्याचं टोक दुमडून आत घ्यावं, चौकोनी शिवण मारावी आणि त्या चौकोनात फुली घालावी. वाटपाच्या पिशव्यांत ही फुली सर्वांत आधी कापली जाते, कारण नगामागे काही सेकंद वाचतात. नुसत्या एका सरळ शिवणीवर लावलेला पट्टा चौथ्या-पाचव्या फेरीत उसवतो. पट्टा खांद्यावर अडकेल इतका लांब हवा, कारण दुसऱ्या हातात पोराचं बोट किंवा छत्री असते. तळाला रुंदी हवी, नाहीतर जेवणाचा डबा आडवा होतो आणि आमटी सांडते. कापड 140 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 140 ग्रॅमचं, घेतलं तर हातात घेतल्यावर पलीकडचं दिसतं. तीनशेच्या वरचा कॅनव्हास अनेक वर्षं साथ देतो. आणि छपाई? फूटभर चौकोनात प्लॅस्टिसॉल या प्लास्टिकयुक्त शाईचा जाड थर दिला की घडीवर त्याला भेगा पडतात, तीन धुण्यांनंतर कंपनीच्या नावाचे पापुद्रे निघतात. पाण्यातली शाई कापडात मुरते, थोडी फिकी दिसते, पण ती कापडाइतकीच टिकते. फिका रंग पाहून मार्केटिंगवाले नाक मुरडतात. त्यांनी वर्षभरानंतरचा रंग पाहावा.

कापडाप्रमाणे काम ठरतं, हे समजून न घेतल्याने होणारं नुकसान तर रोजचंच. पावसासाठी दिलेल्या वॉटरप्रूफ सॅकच्या पाठीवर कुणीतरी हौसेने भरतकाम करून मागतं. प्रत्येक टाक्याला एक भोक पडतं, आणि लोगोतूनच पाणी आत शिरतं. तिथे छापील नाव किंवा बाहेरच्या खिशाच्या झाकणावर शिवलेलं विणीव लेबल हवं. सबलिमेशनला, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यात उतरवणाऱ्या छपाईला, पॉलिस्टर लागतं आणि तेही फिक्या रंगाचं. सुती कापडावर तो रंग बसतच नाही.

तिसरा युक्तिवाद पर्यावरणाचा, आणि तो मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो सद्भावनेने केला जातो. 23 मार्च 2018च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, आणि प्रत्येक परिषदेत, शिबिरात, वर्धापनदिनाला ‘कापडी’ पिशव्यांचा पूर आला. त्यातल्या कितीतरी नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या, होत्या. अशी पिशवी दिसायला कापडासारखी, पण असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. केंद्राच्या नियमांतही ती प्लास्टिकमध्येच मोडते. 30 सप्टेंबर 2021 पासून ती 60 जीएसएमपेक्षा पातळ चालत नाही. उन्हात काही महिने राहिली की तिचा भुगा होतो. त्यावर उष्णतेने चिकटवायची छपाई करू नका असं आम्ही वारंवार सांगतो, कारण हे कापड 160 अंशांच्या आसपास वितळतं आणि यंत्र त्याच्या जवळपास तापलेलं असतं. अशा पिशवीवर हिरवं पान छापून वसुंधरेचं नाव घेणं ही फसवणूक आहे. करणाऱ्याला ती माहीत नसली तरीही.

सुती पिशवी घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये किराण्याच्या पिशव्यांचा जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवामानावरचा परिणाम तेवढाच पाहिला तर साध्या सुती पिशवीने प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला ती 52 वेळा वापरावी लागते. सगळे निकष धरले तर 7,100 वेळा. त्या मोठ्या आकड्यावर तज्ज्ञांत वाद आहेत, एका निकषाने तो फार फुगला आहे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये 131 वेळांचा आकडा दिला होता. कोणताही आकडा धरा, निष्कर्ष बदलत नाही. कापूस पिकवायला पाणी लागतं, कीटकनाशकं लागतात, ते विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारा. सुती पिशवी भली ठरते ती वापरल्याने. एका माणसाला वर्षात सहा परिषदांत सहा पिशव्या मिळाल्या, तर त्यातल्या पाच, कापड कितीही चांगलं असलं तरी, कचराच आहेत. पर्यावरणाच्या नावाने पिशवी वाटणाऱ्याने आधी ती सहावी पिशवी आपली नाही ना, याची खात्री करावी.

आषाढी वारीत हे सगळं एका जागी दिसतं. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळपास तीन आठवड्यांची वाट, आणि तीही पावसाच्या तोंडावर. रस्त्याच्या कडेला कंपन्यांचे, पुढाऱ्यांचे, बँकांचे मंडप असतात, तिथे टोप्या आणि पिशव्या वाटल्या जातात. वारकऱ्याच्या डोक्यावर त्याची टोपी किंवा पटका असतोच. वाटलेली कॅप तो नम्रपणे घेतो, कारण दिलेलं नाकारायचं नसतं. एका खांद्याला लटकणारी पातळ पिशवी घेऊन तीस किलोमीटर चालणाऱ्या बाईच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठतो, टाळ नाहीतर तुळस सांभाळायला हात मोकळा राहत नाही. तिला हवी असते दोन्ही खांद्यांवर बसणारी, तोंड दोरीने आवळता येणारी, पावसात आतलं लुगडं कोरडं ठेवणारी सॅक. तेवढ्याच पैशात कमी जणींना अशी सॅक देता आली असती. दिली जात नाही, कारण मंडपातल्या छायाचित्रात वाटपाची संख्या दिसते, वळ दिसत नाही.

आता माझ्याविरुद्धचं सर्वांत बळकट उदाहरण मीच समोर ठेवतो. 1970च्या दशकात अमेरिकेच्या शेतीप्रधान राज्यांत बियाणं, पशुखाद्य आणि ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकांना टोप्या फुकट वाटत. समोर फोम, मागे नायलॉनची जाळी, मागे प्लास्टिकचा कमी-जास्त करता येणारा पट्टा. जॉन डिअरची हिरवी-पिवळी टोपी, डीकॅल्ब या मक्याच्या बियाण्याच्या कंपनीचं पंख फुटलेलं कणीस. ती टोपी स्वस्त होती, फुकट होती, आणि तिच्यावरचा लोगो मोठा होता. तरीही शेतकऱ्यांनी ती झिजेपर्यंत घातली, ट्रकवाल्यांनी उचलली, आणि 2000 नंतर ती शहरी फॅशनमध्येही आली. मग माझं म्हणणं खोटं ठरलं का? जाळीमुळे डोक्याला वारा लागत होता. फोममुळे ती हलकी होती आणि छपाईला सपाट जागा मिळत होती. पट्टा कुणाच्याही डोक्याला बसत होता. नाव होतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या शेतातल्या ट्रॅक्टरचं, त्याने पेरलेल्या बियाण्याचं. ते मिरवायला त्याला कारण होतं. स्वस्त टोपी उन्हात राबणाऱ्या डोक्यासाठी अचूक निवडलेली होती. आपल्याकडे मोशीच्या किसान प्रदर्शनात, तालुक्याच्या मेळाव्यांत टोप्या वाटणाऱ्यांनी ती जाळी पाहावी. आपण मराठवाड्याच्या उन्हासाठी काळ्या जाड पॉलिस्टरच्या बंद टोप्या देतो, कारण काळ्यावर लोगो उठून दिसतो.

अलीकडे दुसऱ्या टोकाचं म्हणणंही ऐकू येतं. हे सगळं बंद करा, तेवढे पैसे पगारात द्या. ज्या कंपन्यांत नोकरीवर रुजू होताना मिळणारं जॉइनिंग किट म्हणजे एचआरच्या यादीतली एक टिकमार्क झाली आहे, तिथे मी या म्हणण्याशी सहमत आहे. पण गोदामात काम करणाऱ्याला, मीटर वाचायला दारोदार जाणाऱ्याला, रुग्णाच्या घरी नमुने घ्यायला जाणाऱ्या मुलीला टोपी आणि सॅक लागतेच. ओळख म्हणून लागते आणि उन्हा-पावसासाठी लागते. ती त्यांनी स्वतःच्या खिशातून घ्यावी का? चांगली सॅक दिली तर सुट्टीच्या दिवशीही ती त्या मुलीच्या खांद्यावर दिसते. ही जाहिरात कोणत्याही पर-पीस हिशेबात बसत नाही आणि ती विकतही मिळत नाही.

निवड कोण करतं, हा खरा अडथळा आहे. वातानुकूलित खोलीत, लॅपटॉपच्या पडद्यावरच्या चित्रावरून, ती वस्तू कधीही न वापरणारी माणसं निवडतात. पडद्यावर लोगो लहान दिसतो म्हणून तो वाढवतात, बजेटमध्ये बसवायला कापड पातळ करतात, आणि सॅम्पल आलं की टेबलावर ठेवून त्याचा फोटो काढतात.

माझं मागणं साधं आहे. सॅम्पलचे तीन नग घ्या. एक धुवा, सोड्याच्या साबणाने, घरी धुतात तसा. दुसरा गच्चीवर उन्हात टाकून ठेवा. तिसरा, टोपी असो की पिशवी, तुमच्या ड्रायव्हरला, गोदामातल्या माणसाला किंवा फिल्डवरच्या मुलीला आठवडाभर वापरायला द्या, आणि त्यांना समोर बसवून विचारा, ही तुम्ही विकत घेतली असती का? उत्तर आलं की मग रेटचं बोलू. ‘नाही’ आलं, तर ती ऑर्डर माझ्याकडे आणू नका. दुसरं कापड पाहू, लोगो छोटा करू, नग कमी करू आणि नवं सॅम्पल काढू.